फलाच्या आत फल

नाशिकजवळील देवळाली येथे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) हे शाळेत शिक्षक होते. अंकांचे गुणधर्म शोधण्याचा त्यांना मोठा छंद होता. १९४९ साली त्यांना ६१७४ या संख्येचे एक विलक्षण वैशिष्ट्य आढळले. आज ती ‘कापरेकर स्थिरांक’ या नावाने ओळखली जाते. संगणकाची आज्ञावली केवळ फलांच्या जोडणीतून रचण्याची जी पद्धती आहे, तिचे मर्म या संख्येवरून सहज ध्यानी येते.

फल, म्हणजेच फंक्शन, हा एक निश्चित नियम होय. त्यास एखादी संख्या दिली असता तो एक उत्तर देतो. तीच संख्या पुन्हा दिल्यास उत्तरही तेच मिळते. येथे तीन फले घ्यावीत. ‘उतरता’ हे फल संख्येतील अंक मोठ्याकडून लहानाकडे मांडते, ‘चढता’ हे लहानाकडून मोठ्याकडे, आणि ‘वजा’ हे पहिल्या संख्येतून दुसरी वजा करते. आता पुढील मांडणी पाहावी :

वजा(उतरता(३५२४), चढता(३५२४))

आतील कंसांतील काम प्रथम होते. त्यांतून ५४३२ व २३४५ या संख्या निघतात. त्याच बाहेरील फलास मिळतात, आणि उत्तर ३०८७ येते. या संयुक्त फलास ‘कृती’ असे नाव दिले, म्हणजे तेही स्वतःच्याच आत ठेवता येते :

कृती(कृती(कृती(३५२४)))

उत्तरे क्रमाने ३०८७, ८३५२ व ६१७४ अशी येतात. पुढे कितीही वेळा कृती केली तरी ६१७४ ढळत नाही. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घेतल्यास अधिकात अधिक सात वेळांत येथेच पोहोचते.

मात्र एक दक्षता आवश्यक आहे. २१११ घेतल्यास २१११ उणे १११२ म्हणजे ०९९९ मिळतात. आरंभीचे शून्य निरर्थक समजून गाळले, तर पुढील फलास ९९९ मिळतात आणि उत्तर शून्य येते. शून्य राखल्यास ९९९० उणे ०९९९ म्हणजे ८९९१, आणि त्यापुढे ८०८२, ८५३२ व अखेर ६१७४ येतात. दोन्ही प्रसंगी प्रत्येक फलाने आपला नियम बिनचूक पाळलेला असतो. चूक होते ती जोडावर. आतील फल जे देते, तेच बाहेरील फलास हव्या त्या रूपात असले पाहिजे.

फलांच्या या विचाराची पायाभरणी अमेरिकन तर्कशास्त्रज्ञ अलोन्झो चर्च यांनी १९३० च्या दशकात केली. जॉन मॅकार्थी यांनी १९६० साली प्रसिद्ध केलेल्या निबंधातून लिस्प ही संगणकभाषा मांडून तो विचार यंत्रापर्यंत नेला. लहान फले स्वतंत्रपणे तपासून, मग ती एकमेकांत बसवून मोठे काम साधणे, हे या पद्धतीचे सूत्र आहे.

जिज्ञासूंनी १९४७ ही संख्या घेऊन कागदावर पडताळा घ्यावा. पाचव्या कृतीस ६१७४ हाती येईल.