स्मृतिचित्रे

लक्ष्मीबाई टिळक (१ जून १८६८–२४ फेब्रुवारी १९३६) यांचे मराठीतील विख्यात आत्मचरित्र. चार भागांत प्रकाशित (१९३४–३६). लेखिकेचे पुत्र देवदत्त हे आपले वडील, कवी नारायण वामन टिळक (१८६१–१९१९), यांच्या चरित्रासाठी साधनसामग्री जमवीत होते. त्यांच्या आग्रहावरून लक्ष्मीबाईंनी आठवणी लिहून काढण्यास आरंभ केला. पतीच्या चरित्राचे साधन म्हणून सुरू झालेल्या या लेखनातून आई, गृहिणी व कवयित्री असलेल्या एका स्त्रीची स्वतंत्र जीवनकथा साकार झाली.

वडिलांच्या घरचे कमालीचे सोवळे, बालविवाह आणि टिळकांचा लहरी व उधळा स्वभाव यांची वर्णने पूर्वार्धात येतात. टिळकांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यानंतर लक्ष्मीबाई सुमारे पाच वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या. या काळात काही दिवस त्या लहान मुलासह पंढरपूर येथे बहिणीकडे होत्या. विरहाचे दुःख त्यांनी तेव्हा कवितेत व्यक्त केले. पुढे अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात त्या पतीजवळ राहू लागल्या. राहुरी येथे असताना जातिभेद मानवनिर्मित असल्याची जाणीव होऊन त्यांनी तो मनातून काढून टाकला व १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. नगरच्या घरातील पाहुण्यांची वर्दळ, बालकवी ठोमरे यांच्यावरील पुत्रवत माया आणि प्लेगच्या साथीतील शुश्रूषा यांतून त्यांचे वत्सल मन प्रकट होते.

लक्ष्मीबाईंना शालेय शिक्षण मिळाले नव्हते. त्यांना लिहिण्यावाचण्यास टिळकांनी शिकविले. तथापि टिळकांनी अपुरे ठेवलेले ख्रिस्तायन हे महाकाव्य त्यांनी ६४ अध्यायांची भर घालून पुढे नेले. भरली घागर हा त्यांचा काव्यसंग्रह. पतीच्या कीर्तीमुळे आणि पुढे या आत्मचरित्राच्याच लोकप्रियतेमुळे त्यांची कविता मात्र काहीशी उपेक्षित राहिली. तिच्यामागील संसार, वियोग व श्रद्धा जाणून घेण्यास स्मृतिचित्रे हेच प्रमुख साधन होय.

बोलीचा सहजपणा, प्रसन्न विनोद आणि स्वतःच्या अज्ञानाकडेही तटस्थपणे पाहण्याची वृत्ती ही या ग्रंथाची वैशिष्ट्ये. पतीचे दोष त्यात झाकलेले नाहीत, तसेच त्यांविषयी कटुताही नाही. इंग्रजीत जोसेफीन इंक्स्टर (१९५०) आणि शांता गोखले (२०१७) यांनी त्याचे अनुवाद केले. मराठी आत्मचरित्रांत या ग्रंथाचे स्थान अढळ आहे.