चाक मोठं, पण रबर किती उरलं?

चाकणला बनलेली १६ इंची रिमवाली पोलो जीटी घ्या. टायर १९५/५५ आर१६. म्हणजे रुंदी १९५ मिमी, तिच्या ५५ टक्के, १०७ मिमी, साइडवॉल. पूर्ण चाकाचा व्यास ६२१ मिमी. आता १७ इंची रिमवर २०५/४५ चढवा. व्यास ६१६, फरक एक टक्क्याच्या आत. स्पीडोमीटर बिघडत नाही. पण साइडवॉल उरली ९२ मिमी! नशिराबादहून भुसावळकडे भरधाव जाताना खड्डा आला, तर धक्का गिळायला १५ मिमी रबर कमी. मार थेट रिमला. पकडच हवी ना? मग रिम १६चीच ठेवा, पैसा चांगल्या टायरवर घाला. आणि लोड इंडेक्स मूळ टायरपेक्षा कमी नको. गाडीत माणसं आपलीच असतात.