गोळ्या तीन महिने, निघाला कर्करोग

म्हैस पाळणाऱ्याला दगडी काय ते सांगावं लागत नाही. कास सुजते, गरम लागते, दुधात गाठी येतात. डॉक्टर सडात ट्यूब सोडतात. फरक पडला नाही की आपण दुसऱ्याच दिवशी पुन्हा डॉक्टरांना गाठतो. घरातल्या बाईच्या बाबतीत मात्र ही घाई दिसत नाही.

कृषी खात्याचा माणूस असल्या विषयावर लिहितो म्हणून कुणी नाक मुरडेल. मुरडू द्या. भिवंडी तालुक्यात पडघ्याकडे एका शेतकऱ्याकडे भाताच्या रोपासंबंधी गेलो होतो. वहिनी पडवीत बसून होत्या. दादा म्हणाले, "छाती सुजलीय, गळू असंल, गोळ्या चालू हायेत." गोळ्या बदलता बदलता तीन महिने गेले. हाताला गाठ लागत नव्हती, म्हणून कॅन्सरची शंका कुणालाच आली नाही. शेवटी तुकडा काढून तपासला तेव्हा रोग काखेत पोचला होता.

याला दाहक स्तन कर्करोग म्हणतात. स्तनाच्या शंभर कर्करोगांत असे एक ते पाच. यात बहुधा वेगळी गाठ लागतच नाही. कर्करोगाच्या पेशी कातडीतल्या बारीक रसवाहिन्या तुंबवतात. पाट तुंबला की वावरात पाणी साचतं, तसंच इथं होतं. काही आठवड्यांतच स्तन सुजून जड होतो, एक तृतीयांश किंवा जास्त भाग लाल-जांभळा पडतो, कातडी जाड होऊन मोसंबीच्या सालीसारखे खड्डे दिसतात. बोंड आत ओढलं जातं. सावळ्या अंगावर लाली चटकन कळत नाही, तिथं जाडपणा पाहावा. ताप बहुधा नसतो. अंगावर पाजणाऱ्या बाईला दूध साकळूनही सूज येते, त्यामुळे फसगत तिथंच जास्त.

जंतुसंसर्ग असेल तर आठ-दहा दिवसांच्या औषधानं उतार पडायला हवा. पडला नाही, तर तिसरी गोळी मागू नये, तपासणी मागावी. मॅमोग्राफीत कातडी जाड आणि सगळा स्तन दाट दिसतो, पण गोळा दिसेलच असं नाही. त्यामुळे "फोटोत गाठ नाही" एवढ्यावर घरी परतू नये. सोनोग्राफीत आतला गोळा आणि काखेतल्या गाठी सापडू शकतात. खात्री होते ती सुईनं आणि कातडीचा तुकडा काढून केलेल्या तपासणीनंच. उपचारात आधी केमोथेरपी, मग शस्त्रक्रिया, नंतर किरणोपचार. सुरुवातीलाच चाकू लावत नाहीत.

नुसत्या हाताच्या तपासणीलाही कमी लेखू नका. टाटा रुग्णालयानं 1998 पासून मुंबईत दीड लाखांवर बायकांचा अभ्यास केला. त्यातल्या निम्म्यांची तपासणी शिकवून तयार केलेल्या आरोग्य सेविकांनी दर दोन वर्षांनी हातानं केली. 2021 साली निष्कर्ष छापून आले: पन्नाशीपुढच्या बायकांत स्तन कर्करोगाचे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी कमी झाले. तिशीपुढच्या बायकांची अशी तपासणी आता सरकारी कार्यक्रमात आहे. सरपंच, ग्रामसेवकांनी आशाताईंना बरोबर घेऊन उपकेंद्रात तिचा दिवस ठरवावा आणि दवंडी द्यावी.

पुढं पाठवलंच तर परळचं टाटा रुग्णालय कल्याण किंवा ठाण्याहून लोकलनं गाठता येतं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार बसतात. जाताना रेशनकार्ड, आधार आणि आधीच्या गोळ्यांच्या चिठ्ठ्या बरोबर न्याव्यात. सूज कोणत्या दिवशी दिसली तेही लिहून ठेवावं, डॉक्टर ते विचारतातच.