प्रयोगातून उठून जाण्याचा हक्क

‘प्रोजेक्टसाठी हवे आहे, दहाच मिनिटे लागतील,’ असे सांगून मानसशास्त्राची एखादी विद्यार्थिनी प्रश्नावली पुढे करते. तिला मदत म्हणून आपणही चिंता, झोप, घरातील ताणतणाव यांविषयीच्या चाळीस-पन्नास विधानांपुढे मुकाट्याने खुणा करीत जातो. या कागदांचे पुढे काय होणार, उत्तरे कोण वाचणार, मध्येच थांबावेसे वाटले तर थांबता येईल काय, हे सहसा कोणी विचारीत नाही. वास्तविक हे प्रश्न विचारण्याची जबाबदारी उत्तरे देणाऱ्याची नाहीच. कोणी न विचारताही त्यांची उत्तरे देणे हे संशोधकाचे कर्तव्य आहे. मात्र हे कर्तव्य लिखित नियमांत उतरले ते प्रामुख्याने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, आणि तेही काही प्रयोगांनी सर्वांनाच अस्वस्थ केल्यानंतर.

त्यांतील सर्वांत गाजलेला प्रयोग अमेरिकेतील येल विद्यापीठात झाला.

चार डॉलरचा एक तास

स्मरणशक्तीच्या अभ्यासासाठी माणसे हवी आहेत, अशी जाहिरात 1961 च्या उन्हाळ्यात न्यू हेवन शहरातील वृत्तपत्रात आली. एका तासाचे चार डॉलर आणि गाडीभाड्याचे पन्नास सेंट मिळणार होते. प्रयोग स्टॅन्ले मिलग्रॅम या तरुण मानसशास्त्रज्ञाचा होता आणि स्मरणशक्तीशी त्याचा काहीही संबंध नव्हता. आलेल्या माणसाला ‘शिक्षक’ करण्यात येई. पलीकडच्या खोलीतील ‘विद्यार्थी’ चुकला की त्याने विजेचा धक्का द्यायचा आणि प्रत्येक चुकीगणिक 15 व्होल्टने तो वाढवायचा. समोरच्या यंत्रावर 450 व्होल्टपर्यंतची तीस बटणे होती. विद्यार्थी हा मिलग्रॅम यांचाच माणूस होता आणि त्याला प्रत्यक्षात एकही धक्का बसत नव्हता. पण बटण दाबणाऱ्याला याची कल्पना नव्हती.

या मालिकेतील जो प्रयोग 1963 मध्ये प्रथम प्रसिद्ध झाला, त्यात चाळीसपैकी 26 जणांनी शेवटचे बटण दाबले. सामान्य माणूस अधिकारी व्यक्तीच्या आज्ञेपुढे किती वाकतो याचा पुरावा म्हणून हा आकडा पाठ्यपुस्तकांत अजूनही दिला जातो. त्याच निबंधातील दुसरे दोन आकडे मात्र फारसे सांगितले जात नाहीत. चाळीसपैकी 14 जण ताणामुळे विचित्रपणे हसू लागले होते आणि तिघांना अनावर झटके आले होते. त्यांतील एकाची अवस्था इतकी बिकट झाली की त्याच्यापुरता प्रयोग थांबवावा लागला. यंत्रातून विद्यार्थ्याला एकही धक्का बसला नाही हे खरे. परंतु इजा झालीच नाही, असे म्हणणे कठीण आहे.

कॅलिफोर्निया विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांनी 1964 मध्ये नेमका हाच आक्षेप घेतला. मदत करण्याच्या भावनेने आलेल्या माणसाला फसवून आपल्या क्रौर्याचे दर्शन त्याला घडवण्याचा अधिकार संशोधकाला कोणी दिला, आणि ते दर्शन घेऊन तो घरी गेला तर त्याची जबाबदारी कोणाची, असा त्यांच्या टीकेचा रोख होता. मिलग्रॅम यांनीही त्याच वर्षी उत्तर दिले. एवढा ताण येईल अशी अपेक्षा नव्हती, आणि नंतर पाठवलेल्या प्रश्नावलीत 84 टक्के सहभागींनी प्रयोगात भाग घेतल्याचे समाधानच व्यक्त केले आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

हे उत्तर अगदीच पोकळ नाही. पण ताण अनपेक्षित होता ही सबब पहिल्या काही दिवसांपुरतीच चालते. पहिल्याच मालिकेत माणसे थरथरताना दिसूनही पुढील मालिका चालूच राहिल्या आणि एकूण सहभागींची संख्या साडेसातशेच्या वर गेली. प्रयोगातील खरी गोष्ट शहरात फुटू नये म्हणून अनेकांना त्या दिवशी संपूर्ण सत्य सांगण्यातही आले नव्हते. धक्के खोटे होते हे त्यांना काही महिन्यांनी टपालाने आलेल्या अहवालातून कळले. तोवर आपण एका माणसाला जबर इजा केली, या समजुतीने ते याच शहरात वावरत होते.

‘तुम्हाला पर्याय नाही’

आजच्या नियमांच्या दृष्टीने या प्रयोगातील सर्वांत गंभीर बाब कोणती? बहुतेक जण फसवणुकीकडे बोट दाखवतील. प्रस्तुत लेखकाच्या मते ती दुसरीच आहे. शिक्षकाची भूमिका करणारा थांबू लागला की करड्या कोटातील प्रयोगकर्ता ठरावीक चार वाक्ये ठरावीक क्रमाने उच्चारी. पहिले साधे, पुढे चला म्हणणारे; चौथे, तुम्हाला दुसरा पर्यायच नाही, पुढे गेलेच पाहिजे, असे बजावणारे. पैसे केवळ येण्याबद्दलचे आहेत, काहीही झाले तरी ते तुमचेच, हे सुरुवातीला सांगितलेले असे. त्यामुळे माणसे चार डॉलरसाठी थांबली नाहीत. उठून जाता येते, हेच त्यांच्या मनातून पुसले गेले होते.

दहा वर्षांनी, ऑगस्ट 1971 मध्ये, स्टॅनफर्ड विद्यापीठात फिलिप झिम्बार्डो यांनी तळघरात नकली तुरुंग उभारला तेव्हा हाच प्रकार अधिक उघडपणे झाला. दिवसाला 15 डॉलर घेऊन आलेल्या तरुणांची ‘कैदी’ आणि ‘रक्षक’ अशी विभागणी करण्यात आली. झिम्बार्डो स्वतःच तुरुंगाधीक्षक झाले. एक कैदी सोडा म्हणाला, तेव्हा त्याला सोडण्याऐवजी खबऱ्या होण्याचा प्रस्ताव देण्यात आला. तो परत गेला आणि येथून बाहेर पडताच येत नाही, असे त्याने इतरांना सांगितले. दोन आठवड्यांसाठी आखलेला हा प्रयोग सहाव्या दिवशी बंद झाला. त्यामागे प्रामुख्याने क्रिस्टिना मॅस्लाक या तरुण संशोधिकेचा तीव्र आक्षेप होता. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, या प्रयोगाला विद्यापीठाच्या समितीची रीतसर मंजुरी होती आणि सहभागींनी संमतिपत्रावर सह्याही केल्या होत्या.

म्हणजे सही होती. संमती मात्र पहिल्या दिवसानंतर संपली होती. संमती ही एकदा घेऊन फाईलला लावण्याची वस्तू नसून प्रयोग चालू असेपर्यंत ती टिकून राहावी लागते, हे तत्त्व यातून पक्के होत गेले. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची पहिली आचारसंहिता 1953 ची. संशोधनातील मानवी सहभागासंबंधीची तिची स्वतंत्र तत्त्वे 1973 मध्ये आली. ब्रिटिश सायकॉलॉजिकल सोसायटीने 1978 मध्ये आपली तत्त्वे प्रसिद्ध केली आणि 1990 च्या सुमारास ती नव्याने लिहिली. या दुसऱ्या मसुद्यात शीर्षकच बदलले. जुन्या शीर्षकात माणसांवरील संशोधन होते, नव्यात सहभागींसह केलेले संशोधन आले. आपल्याकडेही भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2000 च्या मार्गदर्शक तत्त्वांत ‘सब्जेक्ट’ हा शब्द होता, 2006 मध्ये त्याची जागा ‘पार्टिसिपंट’ने घेतली. मराठी पाठ्यपुस्तकांतील ‘प्रयुक्त’ हा शब्द याच जुन्या वळणाचा आहे. ज्याच्यावर प्रयोग होतो तो प्रयुक्त. जो प्रयोगात भाग घेतो आणि म्हणूनच सोडूही शकतो, तो सहभागी.

थोडे लपवणे चालते काय?

मानसशास्त्राची अडचण अशी की, सर्व काही आधी सांगितले तर काही गोष्टी तपासताच येत नाहीत. तुमचा पूर्वग्रह तपासतो आहे, असे सांगितल्यावर कोणीही आपला पूर्वग्रह दाखवणार नाही. म्हणून नियमांनी लपवाछपवीला सरसकट बंदी केलेली नाही. ब्रिटिश तत्त्वांनी त्यासाठी व्यवहार्य कसोटी सुचवली: खरा हेतू कळल्यावर सहभागी हरकत घेण्याची किंवा अस्वस्थ होण्याची शक्यता असेल, तर अशी लपवाछपवी अमान्य समजावी. आणि त्याचा अंदाज संशोधकाने स्वतःच्या मनाने बांधू नये, सहभागींच्याच सामाजिक आणि सांस्कृतिक पार्श्वभूमीतील माणसांना विचारावा. ही सूचना आपल्या समाजाच्या दृष्टीने विशेष मोलाची वाटते. जात, लग्न, सासर, नोकरी यांविषयीचा जो प्रश्न एका घरात सहज वाटेल, तो दुसऱ्या घरात जिव्हारी लागू शकतो.

अमेरिकन संहिता आणखी एक रेषा आखते. शारीरिक वेदना किंवा तीव्र मानसिक त्रास होण्याचा संभव असेल, तर त्याबाबत सहभागीला अंधारात ठेवता येत नाही. जे लपवले ते शक्यतो त्याच बैठकीच्या अखेरीस उलगडून सांगावे लागते आणि ते ऐकून कोणी आपली माहिती परत मागितली, तर ती वगळण्याची मुभा द्यावी लागते.

एवढी बंधने आल्यावर मिलग्रॅमसारखे संशोधन अशक्य झाले, अशी तक्रार अनेक वर्षे ऐकू येत असे. जेरी बर्गर यांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाने ती बऱ्याच अंशी निकालात काढली. मिलग्रॅम यांच्या नोंदी पाहता 150 व्होल्ट ओलांडणाऱ्यांपैकी सुमारे चार-पंचमांश लोक शेवटपर्यंत गेले होते. मग बर्गर यांनी प्रयोग 150 व्होल्टलाच थांबवला. ज्यांना त्रास होण्याची शक्यता होती अशांना तपासणी करून आधीच वगळले, कधीही उठून गेलात तरी 50 डॉलर तुमचेच, हे तीन वेळा सांगितले, आणि धक्के खोटे असल्याचे प्रयोग संपताच स्पष्ट केले. तरीही 70 टक्के सहभागी 150 व्होल्टच्या पुढे जाण्यास तयार झालेच. शास्त्राला हवे होते ते मिळाले, कोणाला झटके न येता.

उत्तरे वाचल्यानंतर

आपल्याकडे विजेचे यंत्र क्वचितच असते. असते ती प्रश्नावली. तिच्यात धोका कसला, असे वाटणे साहजिक आहे. परंतु नैराश्य मोजणाऱ्या अनेक प्रश्नावल्यांमध्ये जीव नकोसा वाटतो काय, अशा अर्थाचा एक प्रश्न असतो. समजा, पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्याने वसतिगृहातून शंभर प्रश्नावल्या भरून आणल्या, नावे लिहायची नाहीत असे आश्वासन दिले आणि रात्री गुण मांडताना त्याला तीन कागदांवर या प्रश्नापुढे ‘जवळजवळ रोज’ ही खूण आढळली. आता त्याने काय करायचे? नाव नाही, त्यामुळे शोध घेणार कोणाचा? नाव असते तर गुप्ततेचे वचन आड आले असते. सहभागीला स्वतःला जाणवत नसलेल्या पण गंभीर असू शकणाऱ्या त्रासाची चिन्हे दिसली, तर ती त्याच्या निदर्शनास आणून देण्याचे दायित्व ब्रिटिश तत्त्वे संशोधकावर टाकतात. म्हणूनच अशा अभ्यासात गुप्ततेला अपवाद कोणता हे आधी सांगून ठेवणे, समुपदेशकाची सोय करणे आणि प्रत्येक कागदासोबत मदतीचा क्रमांक देणे आवश्यक ठरते. ‘टेली-मानस’चा 14416 हा क्रमांक 2022 पासून देशभर उपलब्ध आहे. तो छापायला संशोधकाला एक ओळ पुरते.

दुसरा प्रश्न नकार देण्याच्या मोकळिकीचा. प्राध्यापकांनी वर्गातच प्रश्नावल्या वाटल्या किंवा कार्यालयात वरिष्ठांनी ‘सर्वांनी भरावे’ असा निरोप पाठवला, तर नाही म्हणण्याचे स्वातंत्र्य कितपत उरते? अभ्यासक्रमाचा भाग म्हणून सहभाग मागितला जात असेल, तर विद्यार्थ्याला समतुल्य दुसरे काम निवडण्याची संधी द्यावी, असे अमेरिकन संहिता सांगते. मुलांच्या बाबतीत केवळ पालकांची सही पुरत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या तत्त्वांनुसार सात वर्षांवरील मुलाचा स्वतःचा होकार घ्यावा लागतो. बारा वर्षांपर्यंत तोंडी, त्यापुढे लेखी.

भारतात या विषयाला कायद्याचे बळ आहे ते मर्यादित. मानसिक आजार असलेल्या व्यक्तींच्या बाबतीत मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 मधील कलम 99 स्पष्ट आहे. केवळ मुलाखत घ्यायची असली तरी मुक्त आणि माहितीपूर्ण संमती हवी, आणि ती केव्हाही मागे घेता येते. आरोग्याशी संबंधित संशोधनाला परिषदेची तत्त्वे लागू आहेत. त्यांनुसार नैतिकता समितीचा अध्यक्ष संस्थेबाहेरचा असावा लागतो आणि सदस्यांमध्ये कायदेतज्ज्ञ तसेच सामान्य नागरिकही असावे लागतात. आरोग्याच्या कक्षेत न येणारे प्रकल्प मात्र बव्हंशी त्या त्या संस्थेच्या शिस्तीवर अवलंबून राहतात.

आणि ज्यांना प्रयोग म्हणावा की व्यवसाय हेच ठरत नाही, अशा गोष्टी या चौकटीच्या बाहेरच राहतात. जानेवारी 2012 मध्ये फेसबुकने 6,89,003 वापरकर्त्यांना दिसणारा मजकूर आठवडाभर बदलून त्यांच्या मनःस्थितीवर परिणाम होतो काय, हे पाहिले. त्यांना विचारले गेले नव्हते. खाते उघडताना मान्य केलेल्या अटी हीच संमती समजण्यात आली. 2014 मध्ये निबंध प्रसिद्ध झाल्यावर गदारोळ उडाला आणि तो छापणाऱ्या नियतकालिकाला त्याबाबत चिंता व्यक्त करणारे निवेदन काढावे लागले. यातील सहभागींना उठून जाता आले नसते, कारण आपण बसलो आहोत हेच त्यांना ठाऊक नव्हते.

प्रश्नावलीपुरते बोलायचे तर पहिल्या पानावर अभ्यासाचा हेतू, लागणारा वेळ, उत्तरे कोण पाहील व किती काळ ठेवली जातील, आणि कारण न देता केव्हाही थांबता येईल, एवढे साध्या मराठीत लिहिलेले असावे. खाली मार्गदर्शक प्राध्यापकांचा आणि समिती असल्यास तिचा दूरध्वनी क्रमांक हवा. हे पान नसेल तर ते मागून घ्यावे आणि मगच पेन उचलावे.