लिहिणारा हात कुणाचा?

१९३१-३२ मध्ये अलेक्झांडर लुरिया हा रशियन मानसशास्त्रज्ञ उझबेकिस्तानातल्या खेड्यापाड्यांत फिरला. तिथल्या निरक्षर शेतकऱ्यांना तो कोडं घालायचा: उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखात सगळी अस्वलं पांढरी असतात, नोवाया झेमल्या त्याच मुलखात आहे, तर तिथली अस्वलं कोणत्या रंगाची? शेतकरी म्हणायचे, आम्ही तिकडे गेलो नाही, जो गेला असेल त्याला विचारा. शाळा, अक्षरं आणि नवी कामं यांनी विचाराची रीतच पालटते, असा निष्कर्ष लुरियाने काढला. खानदेशातल्या शेतकऱ्याला मात्र ते उत्तर शहाणपणाचंच वाटेल. न पाहिलेल्या बैलाचा सौदा तो तरी कुठे करतो?

त्याच काळात जळगावात बहिणाबाई चौधरी शेतात राबत होत्या. जन्म असोद्याचा, १८८० चा. तेराव्या वर्षी लग्न, तिशीत वैधव्य, अक्षराशी गाठ कधीच नाही. घरोट्यावर दळताना, रानात काम करताना त्या गाणी रचत आणि म्हणत. लुरियाच्या कोड्याला त्यांनीही कदाचित तेच उत्तर दिलं असतं. पण मनाच्या चंचलपणावर याच बाईंनी अख्खी कविता रचली आहे. जात्याजवळ सुचलेलं कागदावर उतरलं ते मुलगा सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी यांच्या हातून. बहिणाबाई १९५१ मध्ये गेल्या आणि पुढच्याच वर्षी आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह संग्रह निघाला. मग या कविता ‘लिहिल्या’ कुणी? जुन्या जळगावातला चौधरी वाडा पाहताना हा प्रश्न पिच्छा सोडत नाही. वहीपुरतं बोलायचं तर ती मुलाने भरली. तिच्यात काय यावं, ते मात्र आईने ठरवलं होतं.

लुरियाचा निष्कर्ष नव्याने तपासणारं सिल्व्हिया स्क्रिब्नर आणि मायकल कोल यांचं लायबेरियातल्या वाई लोकांवरचं पुस्तक १९८१ मध्ये आलं. वाईंची लिपी त्यांची स्वतःची. ती शाळेत नव्हे, ओळखीच्या माणसाकडून शिकायची आणि पत्रांना, हिशेबाला वापरायची. नुसती ही लिपी येणारे तर्काच्या कोड्यांत निरक्षरांहून काही सरस ठरले नाहीत. तिथे शाळेचा परिणाम दिसला. मात्र एखादा खेळ न पाहिलेल्याला समजावून सांगायचा म्हटलं की पत्रं लिहिण्याची सवय कामी आली. लुरियाच्या निष्कर्षातल्या निदान अक्षरांच्या भागातली तरी हवा या कामाने काढली.

आता पुन्हा खानदेशात, धुळ्याच्या तुरुंगात. १९३२ मध्ये २१ फेब्रुवारी ते १९ जून असे १८ रविवार विनोबांनी तिथे गीतेच्या १८ अध्यायांवर प्रवचनं दिली. लिहून घेतली साने गुरुजींनी, आणि त्यातून ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक उभं राहिलं. गुरुजींचा हात या कामाला सरावलेला होता. अमळनेरच्या वसतिगृहात मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचं हस्तलिखित दैनिक चालवत. बोलणारा एक आणि लिहिणारा दुसरा, ही जोडी खानदेशात निरक्षरांपुरती नव्हती.

हीच जोडी परक्या मुलखातही दिसते: मेक्सिको सिटीच्या सांतो दोमिंगो चौकात लोकांची पत्रं-अर्ज लिहून देणारे बसतात. ज्युडी काल्मन यांनी त्यांच्यावर १९९९ मध्ये पुस्तक लिहिलं. गिऱ्हाईक नुसतं सांगत नाही, मजकूर घडवतं, हे त्यांनी संभाषणं टिपून दाखवलं. आपल्याकडे तहसील कचेरीबाहेर अर्ज लिहिणाऱ्याच्या टेबलाशी घटकाभर उभं राहिलं की तेच दिसतं. ‘मेहेरबान तहसीलदार साहेब यांचे सेवेशी’ हा मायना लिहिणाऱ्याच्या तोंडपाठ असतो. पण तो ‘अर्जदार सातबाऱ्यावर नाव लावू इच्छिते’ असं वाचून दाखवतो, तेव्हा समोरची म्हातारी अडवते: आसं नही भाऊ! नाव होतंच, ते कमी झालंय, तसं लिही. वाक्य खोडून पुन्हा लिहिलं जातं. सही येत नसते, अंगठा उमटतो; अर्जाचा मुद्दा मात्र तिचा असतो.

ऑनलाइन अर्जाच्या ठरलेल्या रकान्यांत असं अडवायला जागा कमी. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ मध्ये बहिणाबाईंचं नाव मिळालं. तिथल्या एखाद्या विद्यार्थ्याने वही घेऊन या टेबलांजवळ बसावं, आणि ही टेबलं आहेत तोवरच बसावं.