मनिला कागद आणि केळीचे खोड

कचेरीतील जाड, पिवळसर पाकिटे व फायली पुष्कळांच्या हातांतून गेल्या असतील. त्या कागदास 'मनिला' म्हणतात. कारण त्याचा मूळ माल फिलिपाइन्स बेटांतील अबाका नामक झाडाचा वाख होय. हे झाड आपल्या केळीचेच भावंड. परंतु त्याची लागवड फळाकरिता नव्हे, वाखाकरिता करितात. खोडाची सोपटे खरवडून काढलेला हा वाख खाऱ्या पाण्यातही लवकर कुजत नाही. म्हणून जहाजांचे दोर त्याचेच वळीत.

झिजलेले दोर टाकाऊ ठरत. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स प्रांतातील हॉलिंग्जवर्थ बंधूंनी १८४३ साली अशा वाखापासून कागद करण्याचे पेटंट घेतले, आणि टाकाऊ दोरांस भाव आला. आज बहुतेक 'मनिला' पाकिटे लाकडाच्या लगद्याची असतात. नाव तेवढे उरले आहे. खरा अबाका चहाच्या पुड्या व चलनी नोटांच्या कागदात जातो.

खानदेशात घड उतरविल्यावर केळीची खोडे बांधावर पडतात. त्यांतही वाख आहे. पण तो अबाकाइतका चिवट नाही, आणि खोडात बहुतांश पाणीच असल्याने दूर वाहून नेणे परवडत नाही. तेव्हा यंत्र घेण्यापूर्वी गिऱ्हाईक पक्के करावे, व वाख शेताजवळच काढावा. गिऱ्हाईक न मिळाल्यास खोडे तोडून त्यांचे खत करावे. त्यांतील पालाश जमिनीस परत मिळेल. बांधावर फेकणे मात्र दोन्ही परींनी तोट्याचे.