घर तापवून अंगणात येणारे पाणी

आइसलँडच्या राजधानीत, रेक्याविकमध्ये, हिवाळ्यातल्या सकाळी रस्त्याच्या कडेला बर्फाचे ढीग असतात. पण कित्येक घरांसमोरची गाडी लावायची जागा नुसती ओली असते. तिथे ना फावडे फिरलेले असते, ना मीठ टाकलेले. फरशीखालून वळणे घेत गेलेल्या प्लास्टिकच्या नळ्यांत कोमट पाणी वाहत असते, आणि ते आधी त्याच घराला ऊब देऊन आलेले असते. खरे नवल मला या दुसऱ्या गोष्टीचे वाटते.

कारण बर्फ वितळवणे हे भारी खर्चिक काम आहे. शून्य अंशावरच्या एक किलो बर्फाचे शून्य अंशावरचेच पाणी करायला ३३४ किलोज्यूल उष्णता लागते. तेवढ्यात एक किलो गार पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापते! ताजा, भुसभुशीत बर्फ घनमीटरला साधारण १०० किलो भरतो. म्हणजे ५० चौरस मीटर जागेवर १० सेंटीमीटरचा थर साचला, तर तो अर्धा टन झाला. आणि विजेने वितळवायचा तर निदान ४६ युनिटे गेली. जमिनीत मुरणारी आणि वाऱ्यावर जाणारी उष्णता वेगळीच.

अमेरिका-कॅनडात घरासमोर अशा विजेच्या तारा किंवा बॉयलरच्या पाण्याच्या नळ्या घालतात. तिथल्या मराठी मंडळींना ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसण्याचे कष्ट ठाऊकच आहेत. कडाक्याच्या थंडीत या कामाने हृदयावर जो ताण येतो तो काहींच्या जिवावर बेततो, त्यामुळे वयस्कांच्या घरी ही सोय चैन म्हणता येणार नाही. बिल मात्र जड जाते.

रेक्याविकच्या पायाखाली जमीनच तापलेली आहे. गावाजवळच्या गरम झऱ्यांवर पूर्वी बायका धुणे धुवायच्या. तिथल्या विंधनविहिरींचे पाणी १९३० साली सुमारे तीन किलोमीटर नळाने आणून एक शाळा उबदार केली गेली, मग हळूहळू सारे शहर. १९९० पासून नेस्यावेत्लिर इथूनही २७ किलोमीटर लांबीच्या वाहिनीतून गरम पाणी येते आणि एवढ्या वाटेत ते दोन अंशही निवत नाही. घरात पाणी शिरते सुमारे ८० अंशांवर, रेडिएटरमधून बाहेर पडते ३५ अंशांच्या आसपास. आपल्याकडे चुलीच्या उरलेल्या धगीवर वैलावर आमटी ऊन राहायची, तशी ही उरलेली ऊब अंगणाच्या कामी येते. हिमवर्षाव फारच झाला, तर त्यात थोडे ताजे गरम पाणी मिसळतात.

रचना साधी, पण निगुतीने करायची. साधारण २५ मिलिमीटर व्यासाच्या नळ्या एकमेकींपासून पाव मीटरवर वाळूत किंवा काँक्रीटमध्ये बसवतात. फरशीला उतार हवाच, नाहीतर वितळलेले पाणी कडेला जाऊन पुन्हा गोठते आणि तिथेच पाय घसरतो. प्रवाह थांबला तर नळ्यांतले पाणी गोठून त्या फुटू शकतात. म्हणून काही ठिकाणी नळ्यांत न गोठणारे ग्लायकॉलमिश्रित पाणी फिरवतात आणि घरातून आलेले पाणी त्याला बाहेरूनच उष्णता देते.

ज्वालामुखीचा शेजार नसला तरी हे जमते. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या हॉलंड शहराने १९८८ साली वीजकेंद्रातली वाया जाणारी उष्णता पदपथांखाली आणि रस्त्यांखाली खेळवली. बाजारपेठेतले पदपथ तिथे भर हिवाळ्यातही मोकळे असतात.